पित्ताची पिशवी, गर्भपिशवी, हर्निया: दुर्बिणीनं एकदमच उरकायचं का दोनदा करायचं?

आमच्या लातूरकडं हे आता रोजचंच झालंय. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी करावी तर एकाच रिपोर्टात तीन-तीन गोष्टी निघतात, पित्ताच्या पिशवीत खडे, गर्भपिशवीत गाठ, वर बेंबीचा हर्निया, आणि मग नातेवाईक विचारायलेत की सिस्टर, एकदाच भूल देऊन सगळंच करून टाकता येत नाही का. येतं की. दुर्बिणीनं तर चांगलंच येतं, पण येतं म्हणून करायलाच पाहिजे असं नाही. मी ऑपरेशन थिएटरात काम करते, डॉक्टर नाही, तरी जे रोज बघते त्यावरून सांगते.

एकदमचा फायदा खरंच मोठाय. भूल एकदाच, रक्ताच्या तपासण्या आणि फिटनेस एकदाच, अॅडमिशन एकच. पित्ताच्या पिशवीला साधारण चार छिद्रं लागतात, त्यातलं बेंबीजवळचं गर्भपिशवीलाही चालून जातं, खाली एक-दोन वाढतात एवढंच. पण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो आराम. नुसती पित्ताची पिशवी काढली तर एक-दोन आठवड्यांत बाई कामाला लागते, गर्भपिशवीला मात्र सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे घागर नाही की सोयाबीनचं पोतं नाही. दोन्ही एकदम केलं तरी तेच सहा आठवडे. वेगवेगळं केलं तर घरातली बाई दोनदा बसणार, आणि दुसऱ्या वेळेला तिला कोण बसू देतंय सांगा.

पैशाचं म्हणाल तर एकदमच स्वस्त पडतं. आयुष्मान भारतच्या पॅकेजात एकाच वेळी दोन-तीन सर्जऱ्या असल्या तर सगळ्यात महागडीचे पूर्ण पैसे, दुसरीचे ५० टक्के आणि तिसरीचे २५ टक्के असा हिशोब असतो. योजनेतून करणार असाल तर अप्रूव्हलमध्ये दोन्ही सर्जऱ्यांची नावं आलीत का ते आधीच बघून घ्या.

आता दुसरी बाजू. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवलेलं असतं, आणि पित्ताच्या पिशवीला टेबल डोक्याकडून वर उचलून डाव्या अंगाला कलवतो, गर्भपिशवीला उलटं, डोकं खाली आणि पाय वर. म्हणजे मधेच सगळं फिरवावं लागतं, स्क्रीन डोक्याकडून पायाकडं न्यायचा, सर्जननं बाजू बदलायची, आणि डोकं खाली केलं की आतडी, चरबी सगळं छातीकडं सरकतं, फुप्फुसावर दाब येतो, त्यावेळी भूलतज्ज्ञांची नजर मॉनिटरवरून हलत नाही. तरण्याताठ्या पेशंटला हे काही जड जात नाही. पण हार्टचा त्रास, दमा, शुगर वाढलेली, नाहीतर अंगावर जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सातवर आलेलं, अशांना वेळ जितका वाढेल तितका धोका वाढतो, पायात रक्ताच्या गाठी व्हायचाही. आधी रक्त वाढवून घ्यायचं, शुगर आटोक्यात आणायची. आणि ऑपरेशननंतर ताप आला, पोट फुगलं तर ते वरच्यामुळं का खालच्यामुळं हे ओळखायलाही वेळ जातो, हे कोणी आधी सांगत नाही.

जोडी कुठली त्यावरही लई अवलंबून आहे. पित्ताचे खडे आणि अंडाशयाची गाठ, ही जोडी बहुतेक वेळा सोपी जाते. पित्ताची पिशवी आणि बेंबीचा हर्निया यात प्रश्न हर्नियाला आतून आधार म्हणून बसवतात त्या जाळीचा येतो, पिशवी फुटून पित्त सांडलं किंवा आत पू असला तर जाळीला इन्फेक्शन लागू शकतं, मग जाळी नंतर टाकलेलीच बरी, हर्निया लहान असला तर नुसत्या टाक्यांवरही भागतं. पिशवी सुजून ताप असेल, अपेंडिक्स पिकलं असेल तर जे पेटलंय तेवढंच करायचं, बाकीचं नंतर. खडा पित्ताच्या नळीत उतरून कावीळ झाली असेल तर तो आधी तोंडातून दुर्बीण घालून काढतात, बाकीचं मग ठरवायचं.

१९९० मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, आज ते तालुक्याच्या गावातही होतं. दुर्बिणीनं गर्भपिशवी काढणारा हात मात्र सगळीकडं तितका तयार नसतो, म्हणून खालचं ऑपरेशन कोण करणार, गायनॅक डॉक्टर त्या दिवशी स्वतः असणार का, हे तोंडावर विचारा.

माझ्या मते खरी कसोटी एकच. दुसरी सर्जरी एकटीच असती तर तुम्ही ती केली असती का? त्रास न देणारे खडे बहुतेकांना जन्मभर काही करत नाहीत. गर्भपिशवीतली बारकी गाठ, जी ना दुखते ना जास्त अंगावर जाते, तिला पाळी जाईपर्यंत नुसतं बघत राहता येतं. "पोट उघडतोयच तर गर्भपिशवीपण काढू" हे वाक्य मला सहन होत नाही. आपल्या बीडमध्ये काय झालं ते आठवा, २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली आणि तिच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. सोबत अंडाशयं गेली तर पाळी लगेच बंद, हाडं ठिसूळ, आणि वय असतं पस्तीस-चाळीस.

संमतीच्या फॉर्मवर प्रत्येक सर्जरीचं नाव वेगळं लिहून घ्या. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर अवयव काढता येत नाही, जिवावर बेतलं असेल तरच अपवाद, आणि पेशंट भुलीखाली असताना आईनं दिलेली संमतीही तिथं चालली नाही. सोबत डॉक्टरांना हेही म्हणा की पहिलं अवघड गेलं तर दुसरं थांबवा, आम्ही परत येऊ. असं म्हटलेलं डॉक्टरांनाही बरं वाटतं, मी बघितलंय.

एकदम करून घेतलंत तर दुसऱ्या दिवशी खांदा दुखेल, पोटातल्या गॅसमुळं दुखतो, दोन-तीन दिवसांत जातो, पण सोबत छाती भरून आली किंवा दम लागला तर लगेच सांगायचं. आणि काढलेल्या पिशव्यांचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या, तो यायला काही दिवस लागतात, तोवर माणसं गावी गेलेली असतात आणि कित्येक रिपोर्ट न्यायला कोणी येतच नाही.