टियागो ईव्ही कोल्हापुरात घ्यावी का? शोरूमच्या आधी पार्किंगमधला प्लग बघा

टाटा टियागो ईव्हीचं २४ युनिट बॅटरीचं मॉडेल कोल्हापूर शहरात रोज चालवायला उत्तम आहे. पण ते कुणी घ्यावं हे गाडीवर ठरत नाही, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा, नीट अर्थिंगचा प्लग आहे की नाही यावर ठरतं. रुईकर कॉलनीत, नागाळा पार्कात किंवा आर. के. नगरात गाडी घराच्या आवारात उभी राहत असेल तर निम्मा निर्णय झालाच. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत ती बोळाच्या तोंडाला लावावी लागत असेल आणि वरच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर खाली सोडायचा बेत असेल, तर ही गाडी घेऊ नका. फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर विसंबलात तर युनिट २० रुपयांच्या आसपास पडतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि दर खेपेला तासभर तिथं थांबणं.

आता रेंज. गाडी २०२२ मध्ये आली तेव्हा कंपनीचा आकडा ३१५ किलोमीटर होता. तो प्रयोगशाळेतला. शहरात एसी लावून १९० ते २१० धरा, हायवेला नव्वद-शंभरच्या वेगात १६० ते १८०. राजारामपुरीतून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्याला एका चार्जिंगवर चार-पाच दिवस सहज निघतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या घरच्या वायरिंगमध्ये. १५ अँपिअरच्या चार्जरवर १० टक्क्यांवरून १०० टक्के व्हायला पावणेनऊ तास लागतात, म्हणजे रात्री जेवण झाल्यावर लावलं की सकाळी गाडी तयार. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर हेच काम साडेतीन तासांवर येतं, पण रोज शंभर किलोमीटरच्या पुढं चालवणाऱ्यालाच त्याचा उपयोग. बाकीच्यांनी ते पैसे वाचवावेत आणि चांगल्या सॉकेटवर घालावेत.

कारण गीझरचा प्लग दहा मिनिटं भार घेतो, गाडीचा सलग आठ तास. सॉकेटच्या मागचा स्क्रू जरा सैल असला की तिथं उष्णता साठते, पितळी पिन आधी तपकिरी पडते, मग भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन वास येतो. पहिल्या रात्री तासाभरानं चार्जिंग बंद करून प्लग काढा आणि पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट टिकत नसेल तर सॉकेट बदला, त्याच रात्री. वायर डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीज बोर्डापासून, थेट वेगळी ओढा, मध्ये जोड नको. १५ अँपिअरसाठी ४ स्क्वेअर एमएम तांबं, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली, शॉक लागला की तोडणारा). ७.२ किलोवॉटला ६ स्क्वेअर एमएम आणि ४० अँपिअरचा एमसीबी, अंतर लांब असेल तर १० स्क्वेअर एमएम.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घ्यायला तयार होत नाही. जुन्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून जूनमध्ये नीट चालणारं चार्जिंग एप्रिलमध्ये अडतं. लोक गाडीला दोष देतात, आणि उपाय असतो खड्ड्यात बादलीभर पाणी. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. जुन्या कनेक्शनवर तो एक-दोन किलोवॉटच असतो. गाडी यायच्या आधी वाढवून घ्या.

पैशाचा हिशेब प्रत्येकानं स्वतःच्या बिलावर करावा, शेजाऱ्याच्या नाही. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १३ ते १४ युनिट लागतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे १३५ युनिट. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरचा वापर १८० युनिट असेल तर गाडी धरून ३१५ होतो, आणि वरची १५ युनिटं महाग टप्प्यात जातात. वर १६ टक्के वीज शुल्क. सगळं धरून युनिटला सरासरी १२ रुपये मानले तर महिन्याला १,६२० रुपये होतात. लिटरला १७ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी १०५ रुपयांच्या भावानं तेवढ्याच अंतराला सुमारे ६,२०० खाते. फरक साडेचार हजारांचा.

दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो साडेपाच वर्षांत फिटतो. महिन्याला १,५०० किलोमीटर असतील तर पावणेचार वर्षांत. पण गाडी फक्त रविवारी जोतिबाला आणि लग्नकार्याला बाहेर निघणार असेल, महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर, तर चौदा वर्षं लागतील. अशा घरानं पेट्रोलच घ्यावी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानं त्या स्वस्त झाल्यात; इलेक्ट्रिकचा ५ टक्के तसाच आहे. कर्जाच्या व्याजावरची, ८०ईईबी कलमाखालची आयकर सवलत मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विक्रेता अजून ती सांगत असेल तर मनावर घेऊ नका. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट मात्र आहे.

छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं. १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिटं येतात, म्हणजे ३ किलोवॉटच्या संचात घर आणि गाडी दोन्हींचा बराच भार निघतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. नेट मीटरिंगमुळे दिवसा छतानं दिलेली युनिटं रात्री गाडीला वापरता येतात.

घाटाची भीती उगाच आहे. पन्हाळा शहराहून साधारण ४०० मीटर उंच. माणसांसह दीड टनाच्या आसपासची गाडी वर जाताना नुसत्या उंचीपायी पावणेदोन युनिटं, म्हणजे बॅटरीचे सात टक्के जातात, आणि उतरताना रीजनमध्ये, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यात, निम्म्याच्या आसपास परत येतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असताना परत आलेली वीज साठवायला जागाच नसते आणि रीजन जवळजवळ लागत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पन्हाळ्यावर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर प्लग काढून खाली उतरा. आंबा घाटानं रत्नागिरी, सुमारे १३० किलोमीटर, एका दमात होते, पण परत येण्याआधी तिथं चार्जिंग लागणारच. पुण्याचे २३० किलोमीटर एका थांब्यात होतात. कराडला फार लवकर थांबल्यासारखं होतं, साताऱ्याच्या आसपास बरं. फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना तासभर धरा, दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच उघडून पैसे भरून ठेवा, आणि चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत जाता यावं म्हणून २० टक्क्यांच्या खाली उतरू नका. किणी-तासवडेचा टोल इलेक्ट्रिकलाही भरावा लागतो.

दोन उणिवा खरोखर त्रासाच्या आहेत. एक, गाडीत स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट. खिळ्याचं छिद्र त्यानं भागतं, पण गगनबावड्याच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नाही. वेगळं चाक घेऊन डिकीत ठेवता येतं, पण २४० लिटरच्या डिकीत मग सामानाला काय उरणार? दुसरी, १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की मोठी बॅटरी ८० टक्के असूनही गाडी चालू होत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हे घडू शकतं. डिकीत जंपर केबल ठेवा.

राहिला पूर. बॅटरीला आयपी६७ दर्जा आहे, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी शाहूपुरीत किंवा दुधाळीत दिवसेंदिवस राहिलं तर तो दर्जा कामाचा नाही. चार्जरचा बोर्ड शक्य तितका उंचावर बसवा आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गाडी उंच भागात नेऊन लावा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पाण्यात राहिलेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, थेट टो करून सर्व्हिस सेंटरला न्या. विमा घेताना बॅटरीचं संरक्षण वेगळं जोडलंय का ते पॉलिसीवर लेखी बघा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.