औषधी वनस्पतींची रोपवाटिका : दोन पावसाळ्यांनंतरचे मत

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणाच्या अंगाला असलेल्या एका रोपवाटिकेतून मी गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीसाठी १४० रोपे घेतली : नरक्या ६०, सीता अशोक ३०, सप्तरंगी ३० आणि वावडिंग २०. रोपवाटिकेचे नाव इथे मुद्दाम देत नाही. तिच्या आवारात बियांसाठी राखलेले नरक्याचे जुने वृक्ष आहेत, आणि या झाडाची चोरटी तोड घाटमाथ्यावर अनेक वर्षे चालत आलेली आहे. नाव लिहू नये, अशी विनंती ती चालवणाऱ्या बाईंनी केली आणि मला ती रास्त वाटली.

पहिल्या भेटीत मी नुसते "अशोकाची रोपे द्या" म्हणालो. "कोणता अशोक?" असे विचारून बाईंनी दोन पाने माझ्या हातावर ठेवली. एक लांबट, कडांना लाटा असलेले, एकेकटे येणारे. ते आसुपालवाचे, म्हणजे शाळांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाला उंच वाढणाऱ्या झाडाचे. दुसरे चार-पाच जोड्यांच्या पर्णिकांचे, संयुक्त. त्याच फांदीच्या टोकाला कोवळी तांबूस पालवी गोंड्यासारखी लोंबत होती. तो सीता अशोक. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला साल लागते ती याची. बाजारात तिच्यात आसुपालवाची साल सर्रास मिसळली जाते, आणि खऱ्या सालीसाठी जंगलातली झाडे सोलली गेल्यामुळे हा वृक्ष आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींत आहे. 'अशोक' म्हणून आसुपालव गळ्यात मारणाऱ्या रोपवाटिका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे विक्री होण्याआधी दहा मिनिटे ओळख पटवून देणाऱ्या या जागेविषयी माझे मत तिथेच चांगले झाले.

इथली दुसरी जमेची बाजू म्हणजे बियाण्याची नोंद. प्रत्येक वाफ्याच्या टोकाला क्रमांक ठोकलेली पत्र्याची चकती आहे, आणि तो क्रमांक वहीत काढला की बी कोणत्या गावच्या, कोणत्या झाडाचे आणि कोणत्या महिन्यात गोळा केलेले आहे, ते वाचता येते. नरक्याचे बी एकाच झाडाचे न घेता निरनिराळ्या सात वृक्षांवरून घेतलेले होते. ज्या झाडाची संख्या तोडीमुळे घटली आहे, त्याची लागवड एकाच मातृवृक्षाच्या संततीतून केली तर संख्या वाढते, पण वाणाची विविधता मात्र परत येत नाही. म्हणून मला ही वही फार मोलाची वाटते.

नरक्याच्या तोडीमागचे कारणही इथे सांगायला हवे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळे केले आणि १९६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले. पुढे त्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे तयार झाली, मागणी वाढली, आणि उग्र वासामुळे ज्याकडे कोणी वळून पाहत नव्हते ते झाड मुळासकट उपटले जाऊ लागले. ही मागणी थांबणार नाही, थांबूही नये; ती शेतातल्या झाडांकडे वळवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी अशा रोपवाटिका लागतात.

तक्रार वावडिंगाबाबत आहे. त्याची रोपे लहान पिशवीत जास्त काळ राहिलेली होती. खड्ड्यात लावताना पिशवी फाडली तेव्हा मुळे तळाशी वेटोळी घालून बसलेली दिसली, आणि २० पैकी १३ रोपे दिवाळीपूर्वीच दगावली. कळवल्यावर बाईंनी चूक मान्य केली आणि नांग्या भरण्यासाठी, म्हणजे दगावलेल्यांच्या जागी लावायला, ८ रोपे विनामूल्य दिली. तरीही रोपे देण्याआधी एखादी पिशवी उघडून मुळे पाहण्याची पद्धत तिथे असायला हवी होती. नरक्याची ४७ रोपे आज चांगली उभी आहेत. सप्तरंगीची वाढ फार सावकाश होते, तिच्याविषयी आत्ताच काही लिहिणे योग्य ठरणार नाही.

विक्रीची हमी इथे मिळत नाही, आणि मी हा दोष मानत नाही. माझ्या वडिलांनी पूर्वी एका विक्रेत्याकडून परतखरेदीच्या लेखी करारावर सफेद मुसळीचे महागडे बेणे घेतले होते. काढणीच्या वेळी तो खरेदीदार फोन उचलेनासा झाला आणि वाळवलेली मुसळी दोन वर्षे आमच्या माळ्यावर पडून राहिली. बाईंनी उलट स्वच्छ सांगितले, की भाव मी ठरवत नाही, मात्र लागवडीची नोंद सातबाऱ्यावर पहिल्याच वर्षी करून घ्या, कारण पुढे माल शेतातला आहे हे सिद्ध करता आले नाही तर वाहतुकीच्या परवान्यापासूनच अडचण सुरू होते. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे, पण तिच्यासाठीही मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र लागते. रोपवाटिकेच्या पावतीवर शास्त्रीय नाव आणि वाफ्याचा क्रमांक लिहिलेला असतो. ती पावती मी सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवली आहे. पुणे विद्यापीठात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागासाठीचे केंद्र आहे, ही माहितीही मला बाईंकडूनच मिळाली.

सीता अशोक घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे बी साठवून टिकत नाही. शेंगा पिकल्या की ताजेच पेरावे लागते आणि रोप लावण्याजोगे व्हायला पुढचा पावसाळा उजाडतो. त्यामुळे रोपे हवी असतील तर एक वर्ष आधी सांगून ठेवावे लागते. माझी पुढच्या २० रोपांची नोंदणी झालेली आहे.