रॉड मोडला तेव्हा आतून पांढरा निघाला

आश्विनातली संकष्टी होती. चतुर्थीला आमच्याकडे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती येते. तिथीची पाऊणपट करायची, हा बाबांनी लहानपणी शिकवलेला हिशोब. म्हणजे सूर्य बुडताना ओहोटीला चांगला जोर असतो. खाडीकाठच्या खारेपाटातल्या आमच्या उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारं तेव्हा उघडी असतात, शेतातलं पाणी खाडीत पडत असतं आणि त्या पाण्याबरोबर कोळंबी, बारीक बोईटं बाहेर येतात. जिताडा तिथेच तिवरांच्या सावलीत दबा धरून असतो. घरी आईचा उपास होता, मासा घरी न्यायचाच नव्हता. धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडायचा, एवढंच मनात होतं.

सहावा-सातवा कास्ट, म्हणजे फेक, असेल. पॉपरला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या आमिषाला, दोन झटके दिले, थांबवला, आणि धप्प असा पोकळ आवाज आला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रॉड वाकला, रीलवरून दोरी सुटायला लागली. मासा उघाडीच्या खांबांकडे निघाला म्हणून त्याला वळवायला मी रॉड आडवा केला. कट्. हातात साडेतीन-चार फुटांची काठी राहिली. वरचा तुकडा दोरीवरून घसरत पाण्याकडे गेला, मोडलेल्या कडेवर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घासली आणि तुटली. जिताडा माझा पॉपर तोंडात घेऊन गेला, दोन तिहेरी गळांसकट. गळांचे उलटे दात मी पकडीने चपटे करून ठेवतो, त्यामुळे तो ते झटकून टाकेल अशी आशा आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती रॉडच्या ८,५०० रुपयांसाठी नव्हे. मोठा जिताडा बहुतेक मादी असते, तो जन्माला येतो नर म्हणून आणि वाढल्यावर मादी होतो. असा मासा माझ्या हातातल्या खोट्या काठीमुळे तोंडात लोखंड घेऊन फिरतोय, हे मनातून जात नव्हतं.

हा रॉड मी कसा घेतला ते सगळं सांगतो, कारण जसं मला गाठलं तसंच दुसऱ्यांनाही गाठतायत.

मी अलिबाग तालुक्यातला. वायरमनचं काम करतो. बाबा आयुष्यभर हाताने तंगूस (नायलॉनची दोरी) टाकून गरवत आले, मला ल्युअरचा, म्हणजे खोट्या आमिषाचा, नाद चार वर्षांपूर्वी लागला. वर पोहणारा ल्युअर, पॉपर म्हणा किंवा डावी-उजवीकडे डुलत येणारा स्टिकबेट म्हणा, त्यावर मासा येताना दिसतो, म्हणून तो नाद सुटत नाही. माझा जुना रॉड सहा फुटी, ताठ, तळातल्या गळासाठीचा. त्याने पॉपर नीट चालायचा नाही. चांगला रॉड घ्यायचा म्हणून दिवाळीच्या आधीपासून पैसे बाजूला टाकत होतो.

मासेमारीच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण होता. तो माल विकतो हे सुरुवातीला कोणाला माहीतही नव्हतं. गाठी कशा बांधायच्या त्याचे व्हिडिओ टाकायचा, वरच्या ल्युअरला फ्लोरोकार्बनचा लीडर (ल्युअरपुढचा जाड दोरीचा तुकडा) बांधू नका, तो बुडतो आणि ल्युअरचं नाक खाली ओढतो, साधा नायलॉनचा बांधा, असं सांगायचा. ते खरंही होतं. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते म्हणून लीडर ४० पौंडांच्या खाली नको, हेही त्यानेच समजावलं. चार-पाच महिने हे चाललं. मग एक दिवस मेसेज आला, "दादा, जपानी कंपनीचा सात फुटी टॉपवॉटर रॉड आलाय, बाहेर सतरा हजार आहे, आपल्या माणसांना साडेआठला देतोय, तीनच पीस आहेत." सोबत व्हिडिओ. रॉड टोकापासून मुठीपर्यंत सुंदर कमान घेतोय, सोडला की लगेच स्थिर. तो व्हिडिओ खऱ्या रॉडचा होता. मला आला तो दुसराच.

२,००० आगाऊ दिले, कुरिअरची पावती आल्यावर उरलेले ६,५००. सगळं यूपीआयने.

पार्सल आलं. ट्यूब भारी, आत कापडी पिशवी, मुठीवर घट्ट प्लास्टिक. आणि त्याचा मेसेज: "दादा, मुठीवरचं प्लास्टिक काढू नका, काढलं की वॉरंटी जाते." मी ऐकलं. त्या प्लास्टिकखाली रील सीटची, म्हणजे रील बसवायच्या जागेची, चिकटवण कशी ओघळली होती ते मला मोडल्यानंतर दिसलं. ट्यूबवर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, कोणत्या देशात बनलं ते नाही. बाहेरून आलेल्या सीलबंद मालावर हे सगळं छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. मी रोज स्विचच्या खोक्यावरचा आयएसआयचा शिक्का बघून माल घेणारा माणूस, पण इथे बघितलं नाही.

बाबांच्या हातात दिला तर त्यांनी दोनदा हलवून बघितला आणि म्हणाले, "टोकाला जड लागतोय रे." मी म्हटलं, रील लावल्यावर बरोबर होईल. रॉडवर छापलं होतं: वजन १४८ ग्रॅम, कार्बन ९८ टक्के, ल्युअर १० ते ६० ग्रॅम. आता कळतं की तो शेवटचा आकडाच ओरडून सांगत होता. १० ग्रॅमचा ल्युअर लांब जाण्याइतकं टोक नाजूक आणि ६० ग्रॅमचा पेलण्याइतकी काठी दणकट, हे दोन्ही एका रॉडमध्ये नीट जमत नाही. खऱ्या रॉडवर १५ ते ४० असं काहीतरी असतं, आणि तो उत्तम चालतो मधल्या २०-३० ग्रॅमला.

मोडल्यावर घरी येऊन मोडलेलं टोक बल्बखाली धरलं. वरती केसाएवढा काळा रंग. आत पांढरट-पिवळसर धागे, ओला बांबू पिळून मोडल्यासारखे विस्कटलेले. कार्बनचे धागे आतपर्यंत काळे असतात, काजळीसारखे. हे होतं फायबरग्लास. खात्री करायला मल्टीमीटर काढला. कार्बनमधून वीज वाहते, काचेच्या धाग्यातून वाहत नाही. एका मित्राच्या जुन्या मोडक्या कार्बन रॉडच्या दोन उघड्या टोकांना पिना लावल्या तर मीटर बीप झाला. माझ्या तुकड्याला किती खरवडलं, किती दाबलं, मीटर ढिम्म. मग आईच्या स्वयंपाकघरातला काटा आणला. दोन्ही तुकडे मिळून २६८ ग्रॅम.

फायबरग्लास वाईट असतो असं मी म्हणत नाही. ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे ल्युअर ओढायला), मुलांना शिकवायला तो चांगला आहे, सहजी मोडतही नाही. पण हा काचेचाही धड नव्हता. रॉडचे दोन भाग जुळतात त्या जोडाच्या वर भिंत इतकी पातळ की नखाने दाबली तरी दबायची.

इथे एक गोष्ट वायरमन म्हणून सांगतो. खरा कार्बन रॉड घ्याल तेव्हा तो वीज वाहतो हे लक्षात ठेवा. खारबांधांवरून ११ केव्हीच्या तारा गेलेल्या असतात. तिथून जाताना रॉड उभा धरू नका, आणि तारांखाली कास्ट तर मुळीच करू नका.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: "दादा, तुम्ही रॉड उभा धरून मासा ओढला असणार, त्याला हाय स्टिकिंग म्हणतात, त्यात कोणताही रॉड मोडतो." हे उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. खरं म्हणजे रॉड काटकोनाच्या मागे नेऊन ओढला तर चांगला रॉडही मोडतो, पण तो टोकाकडे मोडतो. माझा जोडाच्या वर मोडला होता, आणि मी तो आडवा धरला होता. हे सांगितल्यावर आवाज मऊ झाला. "काळजी करू नका, कंपनीकडे क्लेम टाकतो, क्लेमची फी १,८०० आहे, ती नवीन रॉडबरोबर परत मिळते." मी तेही भरले. गेलेले पैसे परत मिळतील या आशेवर माणूस आणखी पैसे घालतो, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं. दहा दिवस "उद्या कळवतो" चाललं, मग नंबर ब्लॉक, ग्रुपमधून तो बाहेर.

माझी सर्वांत मोठी चूक तक्रारीची. मी समजत होतो की हा मालाचा वाद आहे, फसवणूक नाही, म्हणून तीन आठवडे वाट पाहिली. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात लावायचा असतो, तरच बँकेला रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथेही नोंद केली. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे यूपीआयवर दिसलेलं नाव होतं, जे कोणाचंही असू शकतं. पाठवणाऱ्याचा पत्ता कुरिअरच्या कागदावर होता आणि तो कागद मी ट्यूबवरून फाडून कचऱ्यात टाकला होता. तुम्ही तसं करू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या आणि त्यावरचा कागद वर्षभर सांभाळा.

डिसेंबरमध्ये मुंबईत मामेभावाकडे गेलो तेव्हा दुकानात जाऊन रॉड घेतला. पिशवीत रील, स्वयंपाकघरातला काटा, एक लिटरची पाण्याची बाटली आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. पहिल्या दुकानदाराने काटा बघून तोंड वाकडं केलं, मी नमस्कार करून बाहेर पडलो. दुसरे काका वयस्कर होते, म्हणाले, "लावा, लावा, बघूनच घ्या."

वजन केलं, छापल्यापेक्षा ४ ग्रॅम जास्त. तेवढं चालतं. रील बसवून मुठीच्या पुढे एका बोटावर तोलला, टोक खाली कोसळलं नाही. वरच्या ल्युअरला तासन् तास मनगटाने खाली झटके द्यायचे असतात, टोक जड असेल तर तासाभरात मनगट जातं आणि ल्युअरची चाल बिघडते. मग हवेत एक झटका दिला. चांगलं टोक दोन हेलकाव्यांत थांबतं, माझ्या खोट्या रॉडचं थरथरतच राहायचं. गाईडच्या, म्हणजे दोरी ओवायच्या, प्रत्येक कड्यातून कापसाची काडी फिरवली. कड्याला तडा किंवा खरखर असेल तर कापूस अडकतो, आणि जिथे कापूस अडकतो तिथे ब्रेड कापली जाते. माझ्या खोट्या रॉडच्या टोकाच्या कड्यात दीड महिन्यात ब्रेडने खाच पाडली होती, सिलिकॉन कार्बाइडचं, म्हणजे फार कठीण पदार्थाचं, म्हणून विकलेलं ते कडं होतं साधं.

शेवटी दोरी सगळ्या गाईडमधून ओवून तिच्या टोकाला भरलेली बाटली, म्हणजे एक किलो, आणि मामेभावाने रॉड हळूहळू उचलला. मी बाजूला बसून कमान बघितली. टोकाकडचा एक तृतीयांश भाग आधी वाकला, मग मधला, जोडाशी कोपरा झाला नाही, दोरी दोन गाईडच्या मध्ये काठीला घासली नाही. पॉपर-स्टिकबेटला असाच रॉड हवा. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे मासा आदळल्यावर धक्का खायचं काम रॉडच्या टोकालाच करावं लागतं. फार ताठ रॉडने तिहेरी गळ माशाच्या तोंडातून उपटून निघतो. मरळीसाठी बेडूक ल्युअर वापरत असाल तर गोष्ट उलटी आहे. तिथे दोन मजबूत गळ असतात आणि मासा शेवाळातून खेचून काढायचा असतो, तिथे ताठच हवा. एकच रॉड दोन्हीला चालेल असं कोणी सांगितलं तर तो विकायला बसलाय हे समजा.

लांबी सात फूट. आमच्या बांधावर मागे तिवरांच्या फांद्या असतात आणि स्टिकबेट डुलवायला टोक पाण्याकडे खाली ठेवावं लागतं, लांब रॉड तिथे अडतो. खडकावरून समुद्रात टाकणाऱ्यांना साडेआठ-नऊ फूट लागेल. किंमत ६,२०० रुपये, पक्कं बिल, त्यावर जीएसटी क्रमांक. मोठं जपानी नाव नाही. बाबांनी हातात घेतला, हलवला आणि काही न बोलता परत दिला, म्हणजे पसंत.

आणखी एक. माझ्या मोडलेल्या रॉडवर सीरियल नंबर होता, शेवटचे चार आकडे ०४१७. ग्रुपवर फोटो टाकला तर श्रीवर्धनकडच्या एका मुलाने आणि रत्नागिरीच्या एका काकांनी आपापल्या रॉडचे फोटो टाकले. तिघांवर तोच नंबर, अगदी तोच. प्रत्येक रॉडचा नंबर वेगळा असायला हवा. त्या दोघांचे रॉड अजून मोडलेले नाहीत, पण काकांनी काट्यावर ठेवला तर २७१ ग्रॅम भरला. आता तिघांची तक्रार एकत्र चालली आहे. श्रीवर्धनच्या मुलाकडे कुरिअरचा कागद शाबूत आहे, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे. तुमच्याकडच्या रॉडवर हेच चार आकडे असतील तर तो वजन करून बघा, वापरू नका, फेकू नका, आणि मला कळवा.