सॅमसंगवरून आयफोनवर: जुना फोन आठवडाभर घरात हवाच

चार-पाच वर्षे वापरलेला सॅमसंग बदलायचा, तर पुन्हा सॅमसंगच की या वेळी आयफोन? दुकानात ही चर्चा कॅमेरा, बॅटरी आणि महिन्याचा हप्ता यांच्यापुढे सहसा सरकत नाही. पण ३०-४० हजारांच्या वरचा कोणताही फोन आज फोटो चांगले काढतो आणि दिवसभर चालतो. खरा फरक घरी आल्यावर कळतो, खोका उघडल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत. म्हणून हे परीक्षण फोनचे कमी आणि स्थलांतराचे जास्त आहे: ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप (आयओएस म्हणजे आयफोनची कार्यप्रणाली), उलट्या वाटेवरचे सॅमसंगचे ‘स्मार्ट स्विच’ आणि त्यांच्या आजूबाजूला सिम, यूपीआय, व्हॉट्सॲपचा जो गुंता होतो तो.

एक जुना मुद्दा आधीच बाजूला काढू. ‘आयफोनला अपडेट जास्त वर्षे मिळतात’ हे वाक्य महागड्या फोनांपुरते तरी आता शिळे झाले. सॅमसंगने २०२४ च्या एस२४ मालिकेपासून सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. गूगलने त्याआधी काही महिने, पिक्सेल ८ पासून, तेच केले. तिकडे २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर आयओएस १८ पर्यंत चालले आणि २०२५ च्या आयओएस २६ ला बाहेर पडले. म्हणजे हिशेब साधारण बरोबरीचा. केवळ अपडेटसाठी ब्रँड बदलत असाल, तर नका बदलू.

आता सिमचा ट्रे. भारतात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या आयफोनमध्ये एकच नॅनो सिम बसते; दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच नोंदल्या जाणाऱ्या सिमवर, घ्यावा लागतो. (आयफोन एअरमध्ये तर ट्रेच नाही, दोन्ही ई-सिम.) दोन सिमची सवय असलेल्या घरात इथेच पहिली चूक होते, ती म्हणजे कोणता नंबर ई-सिम करायचा हे न ठरवताच अर्ज टाकणे. सिम बदलल्यावर किंवा ई-सिम केल्यावर त्या नंबरचे येणारे-जाणारे एसएमएस २४ तास बंद राहतात. सिम-स्वॅपची फसवणूक, म्हणजे तुमचा नंबर परस्पर दुसऱ्या सिमवर घेणे, रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने हा नियम घातला आहे. कॉल येतात, इंटरनेट चालते, फक्त ओटीपी येत नाही आणि माणूस तासभर बँकेला शिव्या घालत बसतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. बँक, आधार आणि यूपीआयला जोडलेला नंबर आहे तसा प्रत्यक्ष सिमवरच राहू द्या. ते सिम जुन्या फोनमधून काढून आयफोनच्या ट्रेमध्ये घातले की नियमाचा प्रश्नच येत नाही, कारण सिम तेच आहे. दुसरा, कमी महत्त्वाचा नंबर ई-सिम करा. तोही शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी, म्हणजे २४ तासांची अडचण सुट्टीत जिरेल. ई-सिमची एक गैरसोय कोणी दुकानदार सांगत नाही: फोन पाण्यात पडला किंवा स्क्रीन गेली, तर सिम काढून शेजाऱ्याच्या साध्या फोनमध्ये घालता येत नाही. ज्या नंबरवर घरची माणसे तुम्हाला शोधतात तो ट्रेमध्ये असावा, यासाठी एवढे एक कारण पुरे.

सिम घातल्यावर आय-मेसेज आणि फेसटाइम (ॲपलचे स्वतःचे मेसेज आणि व्हिडिओ कॉल) सुरू होताना आयफोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. प्रीपेडवर नुसता डेटा-कॉलचा पॅक असेल आणि मूळ शिल्लक शून्य असेल, तर ‘ॲक्टिव्हेशन’ अडकते. दहा-वीस रुपयांचा टॉपअप आधीच मारून ठेवा.

यूपीआयकडे वळू. गूगल पे, फोनपे, भीम, काहीही असो, नव्या फोनवर नोंदणी करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो आणि त्यावरून फोन व सिम यांची जोडी बांधली जाते. अँड्रॉइडवर हा एसएमएस ॲप स्वतःच पाठवते. आयफोनवर ॲपला तशी मुभा नाही. मेसेजची खिडकी उघडते, त्यात एक अगम्य अक्षरमाला भरलेली असते आणि ‘सेंड’चे बटण तुम्हाला दाबावे लागते. ती अक्षरमाला खोडू नका, पुढे-मागे काही लिहू नका. दोन नंबर असतील तर वरच्या ओळीत योग्य नंबर निवडलेला आहे ना ते बघा. नोंदणी न होण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच, की मेसेज दुसऱ्याच नंबरवरून गेलेला असतो.

नोंदणी झाली तरी लगेच मोठी रक्कम पाठवता येत नाही. नवा फोन म्हटला की बहुतेक बँका पहिले २४ तास एकूण ५,००० रुपयांची मर्यादा लावतात, आणि आयफोनवर काही बँका ही मर्यादा ७२ तास ठेवतात. घरभाडे, शाळेची फी, व्यापाऱ्याचे बिल त्या दिवसांत असेल, तर ते आधीच उरकून घ्या. पिन मात्र तोच राहतो, तो खात्याशी बांधलेला असतो. उगाच बदलायला जाऊ नका, नाहीतर मर्यादेचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

सगळ्यात जास्त वेळ आणि मनस्ताप मात्र व्हॉट्सॲप घेते. गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण ‘बॅकअप घेतलाय, काही काळजी नाही’ म्हणत जुना फोन पुसून टाकणारे बरेच असतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायची अधिकृत वाट २०२२ मध्ये उघडली आणि ती ‘मूव्ह टू आयओएस’मधूनच जाते. त्याच्या अटी कडक आहेत: दोन्हीकडे तोच नंबर, व्हॉट्सॲपची ताजी आवृत्ती, दोन्ही फोन चार्जिंगला लावलेले, आणि आयफोन कोरा. कोरा म्हणजे सुरुवातीच्या ‘हॅलो’ स्क्रीनवर असलेला. दुकानात हौसेने कोणी सेटअप पूर्ण करून दिला असेल, तर सेटिंग्ज, जनरल, ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’ आणि तिथे ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणून काउंटरवरच्या मुलाला नम्रपणे सांगा, की फक्त काच आणि कव्हर लाव, चालू मी घरी करतो.

प्रत्यक्ष कृती अशी. आयफोनच्या सेटअपमध्ये डेटा कुठून आणायचा असे विचारतात, तेव्हा अँड्रॉइडचा पर्याय निवडा. आयफोनवर आकडी कोड येतो, तो सॅमसंगवरच्या ‘मूव्ह टू आयओएस’मध्ये भरा. आयफोन स्वतःचे तात्पुरते वाय-फाय तयार करतो आणि सॅमसंग त्याला जोडला जातो. मग यादी येते: फोटो, संपर्क, मेसेज, कॅलेंडर, व्हॉट्सॲप वगैरे. व्हॉट्सॲप निवडून ‘स्टार्ट’ दाबले की जुन्या फोनवर डेटा बांधायला सुरुवात होते आणि तयारी झाली की तिथले व्हॉट्सॲप लॉगआउट होते. घाबरू नका, जुन्या फोनवरचा मजकूर तसाच राहतो. पुढे सगळे आयफोनवर गेल्यावर ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या, तोच नंबर टाका आणि ‘स्टार्ट’ दाबून गप्पा उतरवून घ्या. इथे घाईघाईने ‘स्किप’ दाबले, की आयफोन पुसून पहिल्यापासून करण्याशिवाय गत्यंतर नाही. व्हॉट्सॲपचा नंबर तुम्ही ई-सिम केलेलाच असेल आणि ओटीपी येत नसेल, तर कॉलवरून कोड घेण्याचा पर्याय वापरा.

हे ॲप मधेच अडकते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. आयफोनच्या त्या तात्पुरत्या वाय-फायला इंटरनेट नसते. सॅमसंगला वाटते वाय-फाय बिघडले; तो शहाणपणा करून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि जोडणी तुटते. उपाय सोपा आहे: जुन्या फोनवर मोबाइल डेटा बंद करा, वाय-फायच्या प्रगत सेटिंगमधला ‘स्विच टू मोबाइल डेटा’ बंद करा, बॅटरी सेव्हर काढा आणि ॲप स्क्रीनवर उघडेच ठेवा. मधे दुसरे ॲप उघडले किंवा फोन आला तरी काम खंडित होऊ शकते. ॲपच्या नव्या आवृत्त्यांत केबल लावूनही डेटा नेता येतो. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आल्यामुळे दोन्हीकडे तीच केबल चालते. डेटा ३०-४० जीबीच्या वर असेल तर केबलच वापरा. ‘एक मिनिट शिल्लक’ असे पाऊण तास दिसत राहिले तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

सगळे व्हॉट्सॲप येते असेही नाही. व्हॉट्सॲपवरच्या कॉलचा इतिहास आणि पैसे पाठवल्याचे मेसेज येत नाहीत. सॅमसंगच्या ‘ड्युएल मेसेंजर’वर दुसरे व्हॉट्सॲप चालवत असाल, तर ॲपची अशी दुसरी प्रत करण्याची सोय आयफोनमध्ये नाही, दुसरा नंबर बहुतेक लोक व्हॉट्सॲप बिझनेसवर घेतात. संपर्कांत एक गंमत होते: ‘मूव्ह टू आयओएस’ने आणलेले आणि गूगल खाते जोडल्यावर आलेले असे प्रत्येक नाव दोनदा दिसते. संपर्क आधीच गूगलमध्ये असतील तर यादीतली संपर्काची खूण काढून टाका.

सॅमसंगचे स्वतःचे जे काही आहे ते मागेच राहते. सिक्युअर फोल्डर या कुलूपबंद कप्प्यातल्या फायली आधी बाहेर काढा. सॅमसंग नोट्समधल्या नोंदी पीडीएफ करून ठेवा. सॅमसंग पासमधले पासवर्ड आयफोनला समजेल अशा स्वरूपात बाहेर पडत नाहीत, ते हाताने उतरवावे लागतात. गूगलमध्ये साठवलेले मात्र आयफोनवर क्रोम टाकले की मिळतात. गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची घड्याळे आयफोनशी जोडलीच जात नाहीत, म्हणजे फोनच्या किमतीत घड्याळाची किंमतही धरा. सॅमसंगचा २५ वॉटचा चार्जर मात्र आयफोन १५ नंतरच्या फोनला उत्तम चालतो, नवा घेऊ नका.

रोजच्या वापरात दोन गोष्टी टोचतात. भारतातल्या सॅमसंगवर कॉल आपोआप रेकॉर्ड करता येतो आणि समोरच्याला सूचना ऐकू जात नाही. आयफोनवर आयओएस १८.१ पासून रेकॉर्डिंग आले, पण ते दर वेळी हाताने सुरू करायचे आणि दोन्ही बाजूंना घोषणा ऐकू जाते. नैतिकदृष्ट्या आयफोनची पद्धत बरी. पण फोनवर ऑर्डर घेणारा किराणा व्यापारी किंवा भाव ठरवणारा अडत्या यांच्यासाठी हा सरळ कामातला अडथळा आहे. जुनी रेकॉर्डिंगही आपोआप येत नाहीत, ती ड्राइव्हवर चढवून ठेवा. दुसरी गोष्ट साठवणीची. गूगल १५ जीबी ऑनलाइन जागा फुकट देते, ॲपलचे आयक्लाउड ५. फोटो आणि बॅकअप दोन्ही धरले तर ५ जीबी काही आठवड्यांत भरते आणि मग दरमहा पैसे सुरू होतात.

उलटा प्रवास, म्हणजे आयफोनवरून सॅमसंग, तांत्रिकदृष्ट्या थोडा सुखाचा आहे. व्हॉट्सॲपची ही वाट २०२१ मध्येच उघडली. स्मार्ट स्विच केबलने चालते, क्यूआर कोड स्कॅन करून आयफोनवरचे व्हॉट्सॲप गप्पा पाठवते, आणि वाय-फायचा तो तमाशा नसतो. दोन सापळे आहेत. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतात, केबलने येतात ती फक्त फोनमधली माहिती. फोटो स्वतंत्रपणे उतरवून घ्या किंवा ॲपलच्या सोयीने थेट गूगल फोटोजकडे पाठवा, ज्याला काही दिवस लागतात. आणि सिम काढण्यापूर्वी आय-मेसेज बंद करा, नाहीतर आयफोनवाल्या नातेवाइकांचे मेसेज तुमच्या जुन्या फोनकडेच जात राहतील.

दुरुस्तीचा विचार गावानुसार करा. ॲपलची स्वतःची दुकाने महाराष्ट्रात मुंबईच्या बीकेसीत २०२३ पासून आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कात २०२५ पासून आहेत. अधिकृत दुरुस्ती केंद्रे मोठ्या शहरांत मिळतात. सॅमसंगचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा सापडते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्याने स्क्रीन फुटली तर किती तास प्रवास करावा लागेल हे आधी मोजावे.

गुण द्यायचेच तर ‘मूव्ह टू आयओएस’ला पाचपैकी तीन, स्मार्ट स्विचला चार. अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाणे याहून कितीतरी सोपे, कारण व्हॉट्सॲपचा ड्राइव्हवरचा बॅकअप जसाच्या तसा उतरतो; एक संध्याकाळ पुरते. घड्याळ गॅलेक्सीचे, दोन सिम प्रत्यक्ष हवीत, कॉल रेकॉर्ड लागतो, यातल्या दोन गोष्टी लागू होत असतील तर सॅमसंगच घ्यावा. घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन आणि लॅपटॉप मॅक असेल तर आयफोन घ्यावा, वर सांगितलेले चार दिवस सोसावेत.

आणि खरेदी करताना एक्स्चेंजच्या ऑफरवर घाईने बोट ठेवू नका. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन देणारा माणूस दारातच जुना फोन तपासून घेऊन जातो. स्थलांतराला तर तोच फोन चालू स्थितीत, व्हॉट्सॲपसकट लागतो. एक्स्चेंजशिवाय घ्या, किंवा दुकानात बोलून जुना फोन आठवड्याने देण्याचे ठरवा. नंतर तो विकताना थोडे कमी मिळतील. विकण्याआधी सेटिंगमधून गूगल आणि सॅमसंग ही दोन्ही खाती काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खाते न काढता पुसलेला फोन चालू करताना तुमचाच पासवर्ड मागतो, आणि घेणारा पुन्हा तुमच्या दारात उभा राहतो.