रात्री अडीचला आत जागं कोण? ठाणे-नवी मुंबईतल्या 'चोवीस तास' पेट हॉस्पिटलांची पारख

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, खारघरला प्राण्यांच्या दवाखान्यांवर '२४ तास' हा फलक आता जागोजागी दिसतो. त्याचे अर्थ मात्र तीन निघतात. पहिला, डॉक्टर आत आहेत, जागे आहेत आणि हाताशी एक सहायक आहे. दुसरा, अटेंडंट आत आहे आणि डॉक्टर फोन केल्यावर घरून येतात. तिसरा, शटर खाली आणि फलकावरचा मोबाइल नुसता वाजतोय. दुसऱ्या प्रकाराला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. नख तुटून रक्त येतंय, दोनदा उलटी झाली, कान खाजवून लाल केलाय, एवढ्याला तो पुरतो. पण लघवी तुंबलेला बोका किंवा पोट फुगलेला ग्रेट डेन तिथे नेला, तर ज्या तासात जीव वाचायचा तोच तास डॉक्टरांची गाडी यायची वाट बघण्यात जातो.

आमचा एकूण शेरा असा: या पट्ट्यात यंत्रं बरी आहेत, पाचपैकी चार द्यावेत इतकी. रात्री ती चालवणाऱ्या माणसांना अडीचच्या वर देववत नाहीत.

फरक फोनवरच कळतो, फक्त 'उघडं आहे का' एवढंच विचारून भागत नाही. डॉक्टर आत्ता इमारतीत आहेत का? एक्स-रे रात्री कोण काढतं? पोटॅशियमचा रिपोर्ट जागेवर मिळतो की सकाळी लॅबचा मुलगा नमुना घेऊन जातो? ऑक्सिजनचा पिंजरा रिकामा आहे का? चांगल्या ठिकाणी फोन उचलणारा उलट तुम्हालाच विचारतो: वजन किती, हिरड्यांचा रंग कसा, शेवटची लघवी कधी. 'घेऊन या, बघू' एवढंच उत्तर आलं तर दुसरा नंबर लावावा. हे फोन आजारपणाच्या रात्री करायचे नसतात. एखाद्या निवांत मंगळवारी रात्री अकरानंतर तीन ठिकाणी फोन करून ठेवावेत, कोण कितपत खरं बोलतं ते तेव्हाच कळतं.

दारात पोचल्यावर पहिली दोन मिनिटं बघा. आधी फॉर्म आणि आधार कार्ड मागणारं ठिकाण आणि आधी ओठ उचलून हिरडी बघणारं ठिकाण, यात फार अंतर आहे. हिरडी गुलाबी असावी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतावा. पांढरी, निळसर किंवा विटकरी हिरडी म्हणजे कागद नंतर. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या मांजरीला तर बास्केटसकट ऑक्सिजनवर ठेवायला हवं. तिला लगेच एक्स-रेच्या टेबलावर आडवी ताणतात ती चूक जिवावर बेतते, कारण छातीत पाणी साठलेलं असेल तर त्या धडपडीतच हृदय थांबू शकतं. आधी ऑक्सिजन, हलकी गुंगी, उभ्याउभ्या सोनोग्राफीचा प्रोब छातीला लावून पाणी आहे का ते बघणं, असेल तर सुईने काढणं, आणि मग एक्स-रे. हा क्रम पाळणारी टीम दिसली तर ते ठिकाण फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

ऑक्सिजनच्या पिंजऱ्याबद्दलही थोडं. ॲक्रिलिकची बंद पेटी आणि छोटा कॉन्सन्ट्रेटर एवढ्यावर काम भागत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पग किंवा फ्रेंच बुलडॉग अशा पेटीत तापतो, धाप आणखी वाढते आणि सगळे समजतात आजार बळावला. पेटीत थंडावा, आतल्या तापमानाचा आकडा आणि वीज गेली तर सिलिंडर, या तीन गोष्टी विचाराव्यात. दार दर पाच मिनिटांनी उघडून 'बाळा बरा हो' म्हणणाऱ्या मालकांमुळेही साठलेला ऑक्सिजन बाहेर जातो, हे मात्र हॉस्पिटलच्या माथी मारता येत नाही.

खरी परीक्षा लघवी तुंबलेल्या बोक्याची. हे प्रकरण जिथे नीट हाताळलं जातं तिथे बाकीचंही बहुतेक नीट होतं. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, कारण बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबभरच येतं. कोणी एरंडेल पाजतं, कोणी सकाळपर्यंत थांबतं. इकडे मूत्राशय दगडासारखं कडक होतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाची गती मंदावते. दवाखान्यात मांजरीचे ठोके एरवी मिनिटाला १६० ते २२० पडतात. असा बोका १४० च्या खाली आला तर पोटॅशियमचाच संशय घ्यायचा. मग ईसीजी लावून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट पाच ते दहा मिनिटांत सावकाश शिरेतून देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला फक्त अर्ध्या तासाची उसंत मिळते. तेवढ्यात इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज, सलाईन, गुंगी आणि कॅथेटर, म्हणजे लघवीच्या मार्गात घालायची नळी. ईसीजी न लावता, पोटॅशियम न बघता थेट भूल देऊन कॅथेटर घालणारं ठिकाण जुगार खेळतंय.

आणि अडथळा निघाला म्हणजे काम अर्धंच झालं. त्यानंतर मूत्रपिंडं लघवीचा लोंढा सोडतात. बंद पिशवी लावून दर दोन-चार तासांनी लघवी मोजायची आणि सलाईनचा वेग तिच्याशी जुळवायचा. एरवी ताशी किलोमागे एक ते दोन मिलि पुरेशी, या काळात ती कितीतरी पट वाढते. रात्री हे मोजणारं कुणी नसेल तर बोका कोरडा पडतो, किंवा नळी मुरगळून पुन्हा तुंबतो. म्हणून ॲडमिट करताना एकच प्रश्न: रात्री तीनची नोंद तक्त्यावर कोण लिहिणार? सकाळी तो तक्ता मागून बघा. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजायचं ते समजा.

पोट फुगणं, म्हणजे जठर हवेने भरून पिळवटणं, हे जर्मन शेफर्ड, डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं दुखणं. उबळ येते पण बाहेर फेसाखेरीज काही पडत नाही, लाळ गळते, पोट नगाऱ्यासारखं वाजतं. डायजिन पाजू नका, गाडी काढा. पुढच्या पायांत दोन मोठ्या इंट्राकॅथ (शिरेत बसवून ठेवायच्या सलाईनच्या नळ्या), जठरात नळी किंवा बाहेरून सुई घालून हवा काढणं, उजव्या कुशीवर एक्स-रे, मग ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये जठर पोटाच्या भिंतीला शिवणार ना, हे आधीच विचारून घ्या, नाहीतर ते पुन्हा पिळण्याचा धोका मोठा. पुढचे दोन-तीन दिवस हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे मॉनिटर नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करून घेऊ नये. सर्जन कितीही हुशार असो.

रक्त हा इथला सगळ्यात कच्चा दुवा. गोचीड ताप, म्हणजे गोचिडांतून पसरणारा एर्लिकिया किंवा बेबेसिया झालेले, हिमोग्लोबिन ढासळलेले कुत्रे या पट्ट्यात बारमाही येतात. तरी रक्त मिळतं ते बहुधा व्हॉट्सॲपवरच्या डोनर यादीतून. डोनर कुत्रा २५ किलोच्या वर, एक ते आठ वर्षांचा, लस झालेला आणि गोचीड तापाची तपासणी केलेला हवा. एका वेळी साधारण ४५० मिलि घेतात. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना बहुतेक वेळा निभावतं, तरी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, करावाच. मांजरीत मात्र ही सवलत नाही. बी गटाच्या मांजरीला ए गटाचं थोडं रक्तसुद्धा मारक ठरू शकतं, त्यामुळे गट न तपासता रक्त चढवणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं. पहिला अर्धा तास थेंबथेंब, तापमान आणि नाडी बघत, आणि चार तासांत पिशवी संपवायची. इथेही शेजारी बसायला माणूस लागतोच.

येऊरच्या पायथ्याला किंवा खारघरच्या टेकडीलगत राहणाऱ्यांनी सर्पदंशाचा प्रश्न वेगळा विचारावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी माणसांचीच लस (प्रतिविष) दंशानंतर कुत्र्यालाही देतात. किती कुप्या फ्रिजमध्ये आहेत हे विचारा, 'मिळते' हे उत्तर धरू नका. डोस विषाच्या मात्रेवर ठरतो, वजनावर नाही, म्हणून चार किलोच्या पॉमेरेनियनलाही मोठ्या कुत्र्याइतक्या कुप्या लागू शकतात. घोणसाच्या दंशात काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून गोठतंय का ते बघतात. या तपासणीला फुटकी कवडी लागत नाही, तरी ती राहून जाते.

उंदराचं औषध खाल्लं असेल तर वेष्टन सोबत न्या. ब्रोमाडायोलोनच्या वडीने रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो. तोवर कुत्रा टुणटुणीत असतो, म्हणून घरी पाठवणारे डॉक्टर भेटतात. व्हिटॅमिन के-१ सुमारे चार आठवडे, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी. के-३ चालत नाही, मेडिकलवाल्याने हातात दिलं तरी. उंदराच्या औषधात झिंक फॉस्फाइड असेल तर खायला काही देऊ नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा, उलटीतून निघणारा वायू माणसांनाही घातक आहे.

स्पेशालिस्टांचं गणित निराळं. हृदयाचे, डोळ्यांचे, हाडांचे डॉक्टर बहुतेक ठिकाणी ठरल्या वारी येतात. गुडघ्याचा लिगामेंट, मोतीबिंदू, दात थांबू शकतात. बाहेर आलेला शिह त्झूचा डोळा थांबत नाही, तो सलाईनच्या ओल्या कापसाने झाकून त्याच रात्री न्यावा. फलकावर 'स्पेशालिस्ट' असेल तर एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) कोणत्या विषयातली ते विचारा: सर्जरी, मेडिसिन की पशुप्रजनन. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा.

पुढे रेफर करतात ते परळला, १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात, किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या स्मॉल ॲनिमल हॉस्पिटलला. ठाण्याहून रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा मिळतो; पण मीरा रोडकडून ठाण्यात यायचं तर गायमुख घाटातल्या ट्रकांचा हिशेब धरा. उलवे-पनवेलकरांना अटल सेतूवरून शिवडी जवळ पडते, मात्र दुचाकी आणि रिक्षा त्यावर जात नाहीत. निघण्यापूर्वी समोरच्या हॉस्पिटलला इथल्या डॉक्टरांनीच फोन करावा, इंट्राकॅथ काढू नये आणि एक्स-रेची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवावी. प्रिंटचा फोटो काढून पाठवला तर निम्मं दिसत नाही.

बिलाबाबत वाद होतो तो बहुधा दोन ओळींवर: ऑक्सिजन तासावर लावलाय की दिवसावर, आणि ॲडमिशन १२ तासांचं धरलंय की २४ चं. डिपॉझिट भरण्याआधी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा दोन आकड्यांचा अंदाज लिहून घ्या आणि वरचा आकडा ओलांडण्याआधी फोन करा असं त्याच कागदावर नमूद करा. डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, मिलिग्रॅममधला डोस आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते हवं. 'इंजेक्शन दिलंय, उद्या या' एवढ्यावर सही करू नका, कारण दुपारी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात की त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार: कोणतं इंजेक्शन?