दुपट्टा चौकात येऊन बांधला तर काय फायदा (आयआरसी क्लोक, नऊ महिने वापरून)

पोळ्याच्या आधी घेतला होता क्लोक, आता मे लागला. आयआरसी म्हणजे नेटवर नुसतं लिहून गप्पा मारायची जुनी सोय, तिथल्या एकेका खोलीला चॅनल म्हणतात. तिथं नावासोबत तुमचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, सगळ्यांना दिसते; तो झाकते तो क्लोक. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, प्रिंटर दर पंधरा दिवसांनी रुसते, अन् त्याचा इलाज एका चॅनलवर फुकट मिळते म्हणून ते दिवसरात्र उघडं असते.

मागच्या आठवड्यात सकाळी तिथल्या एकानं सहज विचारलं, तू नागपूरकडचा का रे? पोटात गोळा आला ना बाप्पा. मी दिग्रसच्या पुढचा, नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर, पण माझा आयपी टाकला की नकाशा नागपूरच दाखवते. म्हणजे यानं आयपी पाहिला. मग क्लोक काय झाकून राहिला होता?

लॉग, म्हणजे जुन्या नोंदी, काढला. रात्री लाईन गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर चालू पण राऊटर बंद. लाईन आली, आयआरसीचा प्रोग्राम आपोआप जोडला गेला, पण सर्व्हरच्या लेखी माझं जुनं कनेक्शन अजून जिवंतच, म्हणून तेच नाव मिळालं नाही, नावापुढं एका जादा चिन्हाची शेपटी लागली. निकसर्व्हनं (नावं अन् पासवर्ड तपासणारी तिथली सेवा) त्या शेपटीवाल्या नावाचा पासवर्ड घेतलाच नाही, कारण ते नाव माझ्या खात्यात नाही. लॉगिन नाही तर क्लोक नाही. रात्रभर अख्खा आयपी उघडा, अन् त्या चॅनलचे लॉग वेबवर कोणीही वाचू शकते!

मग मागचे महिने चाळले तर अजून भारी. शेपटी न लागता नीट लॉगिन झालं तरी आधी चॅनलमध्ये शिरताना आयपी दिसते, दोन-तीन सेकंदांनी क्लोक लागते, अन् तो लागताना सर्व्हर सगळ्यांना दाखवते की हा बाहेर गेला, कारण 'होस्ट बदलला', अन् लगेच झाकलेल्या पत्त्यानं आत आला. दोन्ही ओळी एकाखाली एक. आपल्याकडं उन्हात पोरं दुपट्टा बांधून निघतात ना, तसा मी रोज चौकात मधोमध उभा राहून बांधत होतो, आधी सगळ्यांना तोंड दाखवून. अन् आमच्याकडं लाईन दिवसातून किती वेळा जाते ते सांगायची गरज नाही.

तवा चार स्टार दिले होते ते दोन केले. नेटवाल्याला फोन लावला की बा, हा आयपी तरी बदलून दे, तर तो म्हणे स्टॅटिक, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या, आयपीचे वेगळे पैसे लागतील. मी काय मागून राहिलो अन् हा काय विकून राहिला.

खरं तर आयआरसी 1988 सालचं, फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं केलेलं. तेव्हा मोजके विद्यापीठवाले, कोण कुठून आला ते नावासोबत दिसणं साधी गोष्ट होती. पुढं लोक भांडणात समोरच्याच्या आयपीवर मारा करून त्याचं नेटच पाडायला लागले, तेव्हा हे झाकण आलं. तेही आयआरसीच्या सगळ्या नेटवर्कवर सारखं नाही. लिबेरावर खातं काढून मागितला की 'युजर' अन् पुढं तुमचं नाव असा क्लोक मिळते, क्वेकनेटवर लॉगिन करून 'एक्स मोड' नावाची सेटिंग लावावी लागते, ईएफनेटवर तर खात्याची भानगडच नाही. काही नेटवर्कवर सर्व्हर गुप्त चावी वापरून आयपीचा गिचमिड मजकूर करते, अन् तो जोडल्याबरोबरच लागते. त्याच आयपीचा दरवेळी तोच मजकूर येते, म्हणून चॅनलवाल्याला पत्ता न कळताही त्रास देणाऱ्याला बॅन करता येते. हे डोकं मला आवडलं.

आता माझीच चूक. एसएएसएल नावाची सेटिंग पहिल्या दिवसापासून प्रोग्राममध्ये होती, मी हातच लावला नाही. त्यानं लॉगिन चॅनलमध्ये शिरायच्या आधीच होते, म्हणजे दुपट्टा घरूनच बांधून निघायचं, अन् पासवर्ड नावाला नाही, खात्याला लागते म्हणून शेपटी लागली तरी फरक पडत नाही. लॉगिन जमलं नाही तर जोडूच नको, असंही टिचकं आहे, तेही लावलं. पाच मिनिटांचं काम. काल चार वेळा लाईन गेली, चारही वेळा लॉगमध्ये झाकलेला पत्ता. साडेतीन स्टार.

अर्धा कापला कारण क्लोक लावला की झालं असं वाटते, पण डीसीसीनं, म्हणजे सर्व्हर मधात न घेता थेट, कोणाला फाईल पाठवली तर तुमचा आयपी सरळ त्याच्या हातात. नेटवर्क चालवणाऱ्यांनाही तो दिसतेच. अन् जुने लॉग खोडत नाही म्हणाले, ते नागपूर तिथंच राहणार.

राऊटरला लावायची बारा व्होल्टची छोटी बॅटरी कोणी वापरून राहिलं असेल तर सांगा, हजाराच्या आतली.