छोटा ट्यूब अॅम्प हेवी वाजवायला पुरतो का? घ्यायच्या आधी वाचा

परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना आमच्या गल्लीतल्या पोरानं विचारलं, "दादा, पंधरा वॅटचा ट्यूब अॅम्प घ्यावा म्हणतोय, तो डब्याएवढा असतो की, त्यावर मेटल होतंय का ओ?" मी म्हटलं होतंय पण आणि नाही पण, आणि मग अर्धा तास बोलत बसलो, चहा गार झाला. तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न मला महिन्यातनं एकदा तरी कोणीतरी विचारतंच. नवख्यांसाठी सांगतो, ट्यूब अॅम्प म्हणजे काचेच्या ट्यूबवर, आम्ही त्यांना बाटल्या म्हणतो, गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प.

पहिलं म्हणजे वॅट वॅट करणं सोडा. १०० वॅटचा अॅम्प १५ वॅटच्या सातपट मोठा वाजत नाही, फरक येतो साधारण ८ डेसिबलचा, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. उलट स्पीकर बदलला की जास्त फरक पडतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० सारखा बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो, आणि एखादा साधा छोटा स्पीकर ९४ देत असेल तर ते ६ डेसिबल म्हणजे अॅम्पची पॉवर चौपट केल्यासारखंच झालं. म्हणून पंधरा वॅटचं हेड (स्पीकर नसलेला नुसता अॅम्प) आणि चांगला बारा इंची कॅब (स्पीकरची पेटी) एवढ्यावर ड्रमरसोबत आरामात वाजवता येतं, आम्ही मित्राच्या अक्कलकोट रोडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी जॅम करतो तेव्हा पंधरा वॅट कधीच कमी पडले नाहीत. आवाज पुरतो हो. भानगड आवाजाची नाहीच, भानगड गेनची, म्हणजे आवाज किती फाटतो त्याची, आणि बेसची आहे.

आता गेन. ऑरेंजचा टायनी टेरर २००६ ला आला आणि हे डब्याएवढ्या हेडचं खूळ त्याच्यामुळंच वाढलं. दिसायला भारी, उचलायला हलका, वॉल्यूम, टोन आणि गेन एवढेच तीन नॉब. पण आत प्रीअॅम्पच्या (पॉवरच्या आधीच्या, गेन देणाऱ्या भागाच्या) बाटल्या दोनच, १२एएक्स७ जातीच्या. एका बाटलीत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवायच्या दोन पायऱ्या (स्टेज), असतात म्हणजे एकूण चार, त्यातले दोन पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून द्यायच्या कामात जातात, उरले दोन. दोन स्टेजवर मस्त रॉक होतो, जुना हार्ड रॉक तर फारच गोड, पण आजच्या मेटलचं ते घट्ट, भरलेलं डिस्टॉर्शन येत नाही, कितीही नॉब फिरवा. माझ्याकडं असाच दोन बाटल्यांचा अॅम्प आहे आणि पहिले सहा महिने मला वाटायचं माझाच हात वाईट आहे.

त्याच्याच घरातला डार्क टेरर मात्र वेगळा. पॉवर तीच, १५ वॅट आणि स्विच टाकला की ७, पॉवर ट्यूब पण त्याच ईएल८४, पण प्रीअॅम्पमध्ये बाटल्या जास्त आणि एफएक्स लूप (इफेक्ट पेडल जोडायची जागा) पण दिलाय. टोनच्या जागी शेप नावाचा नॉब आहे, तो फिरवला की मिड, म्हणजे मधले सूर, खाली बसतो. घरी एकट्यानं वाजवताना हे मिड काढलेलं फार भारी वाटतं आणि बँडमध्ये गेलं की आपली गिटार गायब, कारण बेस बेसवाल्याच्या खाली आणि ट्रेबल झांजांच्या खाली, मध्ये काही उरतच नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

पीव्हीचा ६५०५ एमएच हा या सगळ्यात मला सगळ्यात सरळ वाटतो. मोठ्या ६५०५ चं छोटं पोर. मोठा १९९२ मध्ये ५१५० नावानं आला होता, गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसोबत बनवलेला, तो कंपनी सोडून गेल्यावर नाव बदललं आणि १९६५ ते २००५ अशी कंपनीची चाळीस वर्षं म्हणून ६५०५. छोट्यात २० वॅट, ते ५ वर आणि १ वर पण आणता येतात, बेस मिड ट्रेबल वेगळे, वर प्रेझेन्स (वरची धार) आणि रेझोनन्स (खालचा ठोका) यांचे नॉब. ट्यूब खराब झाली तर दिव्यावरून कळतं, ही सोलापुरात राहणाऱ्यासाठी चैन नाही, गरज आहे, का ते पुढं सांगतो. ईव्हीएचचा ५१५० थ्री एलबीएक्स पण याच जातीतला, १५ वॅट, त्यात गेन कमी पडला म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग गेन भरपूर असलेला घेतला की झालं? नाही ना. ड्रॉप सी मध्ये, म्हणजे तारा ढिल्या करून खाली लावलेल्या ट्युनिंगमध्ये, जाड तार ६५ हर्ट्झला असते, साध्या ट्युनिंगमध्ये ८२ ला. छोट्या अॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर छोटा, लोखंड कमी, खालचे सूर जोरात आले की तो लवकर दमतो, ईएल८४ ची जोडी पण लवकर दाबली जाते. पाम म्यूट, म्हणजे तळहात तारांवर टेकवून मारलेला ठोका, कसा पाहिजे सांगू का, यंत्रमागासारखा, खट् खट् खट्, मारला की आला आणि थांबला की थांबला. आणि अॅम्प दमला की तोच आवाज ओली चादर दगडावर आपटल्यासारखा येतो, भद्द भद्द. यावर इलाज आहे आणि स्वस्तातला आहे. अॅम्पच्या आधी एक हिरवं ट्यूब स्क्रीमर नावाचं पेडल किंवा त्याची कुठलीही नक्कल लावायची, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. ते पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं फार वाढवत नाही, वरचंच ढकलतं, त्यामुळं अॅम्पमध्ये बेस आवरून जातो आणि रिफ घट्ट होते. दोन बाटल्यावाल्या अॅम्पला पण यानं पुष्कळ जीव येतो, माझा अॅम्प मी विकला नाही तो याच पेडलमुळं. दुसरा इलाज कॅबचा, मागून बंद असलेला घ्या, मागून उघड्या छोट्या कॅबमध्ये खालचा ठोका विरून जातो.

१ आणि ५ वॅटवाल्यांचं थोडक्यात सांगतो. मार्शल डीएसएल१, ब्लॅकस्टार एचटी-५, यांच्यात डिस्टॉर्शन आहे, एचटी-५ मध्ये तर बऱ्यापैकी आहे. खोलीत रियाजाला चालतात. डाउनट्यून करून ड्रमरसमोर नेले तर तुम्ही फक्त हलताना दिसाल, ऐकू येणार नाही.

आता ज्यांच्याशी खरी तुलना आहे ते. एक, हायब्रिड: ऑरेंज मायक्रो डार्क, जोयो झोंबी. दोघं २० वॅट, प्रीअॅम्पमध्ये एकच १२एएक्स७ आणि पॉवर सॉलिड स्टेट, म्हणजे बिनाट्यूबची, ट्रान्झिस्टरवाली. एक ट्यूब आहे म्हणून ट्यूब अॅम्प म्हणायचं का यावर लोक भांडतात, भांडू दे. हेवीसाठी मला हे प्रकार उलट बरे वाटतात, सॉलिड स्टेट पॉवर खालच्या सुरांना दबत नाही, पाम म्यूट घट्ट राहतो, हेडफोन लागतो, लूप आहे. कमी पडतं ते वर, आवाज फार वाढवला की कडक होतो, आणि बोटानं हळू वाजवलं की अॅम्पनं हळू व्हावं ती गंमत इथं अर्धीच. दोन, बॉस कटाना ५०. एकही ट्यूब नाही, बारा इंची स्पीकर आतच, ५०, २५ आणि अर्धा वॅट. कॅबचा खर्च नाही. ब्राउन चॅनेलवर मेटल होतं, अगदी रेकॉर्डिंगला पण होतं, फक्त ट्यूबचं हेड कॅबवर लावल्यावर पोटात जे जाणवतं ते नाही, आणि हे मी ट्यूबचा भक्त म्हणून नाही, शेजारी शेजारी लावून ऐकलं म्हणून सांगतोय.

सोलापूरचं म्हणून काही वेगळं. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज कधीकधी १९० पर्यंत येतं, मीटर लावून बघितलंय. ट्यूबच्या फिलामेंटला (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्ट पाहिजेत, १९० वर तिथं सव्वापाचच पोचतात, अॅम्प आजारल्यासारखा वाजतो. स्टॅबिलायझर धरूनच बजेट करा. बाहेरून कोणी आणून देणार असेल तर १२० व्होल्टचं मॉडेल चुकूनही घेऊ नका. उन्हाळ्यात ४२ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत ईएल८४ वाला छोटा डबा हात लावता येत नाही एवढा तापतो, वरच्या जाळीवर कापड टाकू नका, कव्हरसुद्धा गार झाल्यावरच.

आणि एकदा मी माझ्याच हातानं घाण केली. जॅमच्या गडबडीत स्पीकरची केबल न लावता अॅम्प चालू केला, गेन फुल, "आवाज का येईना" म्हणत जोरात वाजवत बसलो. ट्यूब अॅम्पला स्पीकरचा लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, माझा गेला. इथं दोघातिघांना दाखवला, एकानं उघडून परत बंद केला, शेवटी हुतात्मा एक्सप्रेसनं मांडीवर घेऊन पुण्याला नेला आणि दोन महिन्यांनी परत आणला. बंद अॅम्पमध्ये पण तीनशे व्होल्टच्या वर कपॅसिटरमध्ये बसून असतात, म्हणून स्वतः उघडायच्या भानगडीत पडलो नाही, तुम्हीही पडू नका. कटाना किंवा हायब्रिडला ही लोडची भीती नाही.

तर माझं मत. बँड आहे, जॅमला जागा आहे, कॅबला पैसे आहेत, तर ६५०५ एमएच किंवा एलबीएक्स, सोबत ते हिरवं पेडल, डोळे झाकून. डार्क टेरर त्याच्या एक पायरी खाली, पण ज्याला दहा नॉब बघून घाम फुटतो त्याला तोच बरा. जुना रॉक आणि थोडं मेटल असं दोन्ही असेल तर टायनी टेरर आणि पेडल. फक्त मेटल असेल तर टायनी टेरर नको म्हणजे नकोच. घरीच वाजवणार, शेजारची आजी भिंतीवर लाटणं वाजवणार, तर ट्यूबचा हट्ट सोडा आणि कटाना घ्या, नाहीतर मायक्रो डार्क आणि हेडफोन.

पोराला एवढं सगळं सांगितलं तर तो म्हणतोय, "पण दादा, ट्यूब पेटलेली दिसते ना त्यातनं." दिसते बे. त्याला म्हटलं रविवारी गिटार घेऊन शेडवर ये, माझा दोन बाटल्यांचा आणि मित्राचा मायक्रो डार्क, एकाच कॅबवर आलटून पालटून लावू, तू डोळे बांधून वाजव.